सतरा नंबर

मे महिना. कूलरच्या टाकीत दोन बादल्या ओतून
मी बसते चारशे बारा फायलींपुढे.
खिडकीबाहेर पऱ्हाटीचा ढीग, त्यावर सरडा
मान खालीवर करतो,
जणू माझा प्रत्येक बदल त्याला मंजूर.

कुणी कुणाशी काय बोलायचं,
कितव्या खान्यात नाव, कितव्यात रक्कम,
एवढंच असतं या फायलींत.
बाकीचं यंत्र लिहितं:
एका करारातून जावा, गो, पायथन,
तीन भाषांत तीच शपथ.

पण आठ वर्षांत प्रत्येक टीमने
उसनं विरजण न्यावं तशी आपापली प्रत नेली
आणि ज्याच्या त्याच्या मडक्यात
ती वेगळी आंबली.
इथे रक्कम म्हणजे आकडा, तिथे अक्षरं.
जनरेट झालेल्या फाइलीच्या कपाळावर लिहिलेलं,
'हाताने बदलू नये',
आणि खाली अडतिसाव्या ओळीत कुणाचा तरी हात.
मी तो ओळखते.
माझाच आहे. एका शुक्रवारी रात्रीचा.

शिवाय 'सर्वसाधारण' नावाची एक फाइल.
कुठे ठेवावं ते कळलं नाही की सगळे हिच्यातच टाकत आले,
फडताळातल्या त्या डब्यासारखी,
ज्यात सुया, विलायची आणि रेशनकार्ड.
हिच्यात स्वल्पविराम हलला
तरी सगळं बिल्ड मुळापासून.
सत्तेचाळीस मिनिटं.
आणि चाळिसाव्या मिनिटाला लाइन जाते.

संध्याकाळी कॅन घेऊन डेअरीत.
"काय करून रायली वं दिवसभर?" देवमनकाका विचारतात.
कागद लावते, काका. कुणाचा कागद कुठे, ते ठरवते.
"मंग तं तलाठीच झाली."

रांगेत इस्तारी, नवा सभासद, नवी म्हैस.
"सतरा नंबर खालीच हाये, तं मले द्या ना."
"खाली नाही. पार्बताबाईचा हाये."
"ते तं म्हैस इकून लेकीकडं गेली, वणीले."
काकांनी फॅटच्या मशीनवरून मान वर केली नाही.
"बाई गेली. वह्या कोठी गेल्या?
तुले सतरा देला
तं तिचं दूध तुया नावावर चढंन.
घे, एकशे चार."

रात्री मी एका कराराला एक घर दिलं.
कोण कुणावर अवलंबून, ते दारावर लिहिलं,
म्हणजे एकाकडे खोकला झाला
तर सगळं गाव उठायला नको.
जनरेट झालेलं सगळं भांडारातून काढून टाकलं.
भाकर कुणी पेटीत जपत नाही,
जपायचं ते ज्वारीचं बियाणं;
भाकर रोज थापावी.

मग एक जुना खाना दिसला, 'पत्ता दोन'.
कुणी वापरत नाही. पुसला.
त्याचा नंबर नव्या खान्याला देणार,
तर बोट थबकलं.
कितवा होता?
सतरावा.

कुठल्यातरी न बदललेल्या जुन्या फोनमधून
अजून कुणी त्या खान्यात
गल्लीचं नाव, पिंपळाची खूण टाकत असेल.
ती खूण दुसऱ्याच्या रकमेत जाऊन पडू नये.
मी लिहिलं: सतरा, राखीव.
इतकी लहान ओळ
मी या नोकरीत पहिल्यांदाच दोनदा वाचली.

बिल्ड अकरा मिनिटांवर आलं.
दोन फायली अजून एकमेकींना हाका मारतात,
हिच्याशिवाय ती नाही, तिच्याशिवाय ही नाही.
त्यांना सोमवारवर ढकललं.

सकाळी डेअरीतला फोन वाजला.
वणीहून एक पोरगा:
आजीचा चार वर्षांमागचा बोनस
राहिला होता का म्हणे.
काकांनी धोतराच्या सोग्याला चष्मा पुसला,
लाल वही उघडली.
पंधरा. सोळा.
बोट खाली सरकलं.